राहून गेलेली वंदना

फैजपूर,
६ फेब्रुवारी २०२४

रूपा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आवाज बसला आहे म्हणून लिहिते, एवढंच. दिवाळीनंतर खोकला झाला. तो गेला आणि जाताना आवाज घेऊन गेला. फोनवर मी नुसती हवा सोडते, समोरच्याला वाटतं लाइन कटली. घरात आता पाटी ठेवली आहे. सूनबाई चेलना म्हणते, आई, घर किती शांत झालंय हो. तेव्हापासून तिच्यासाठीची वाक्यं मी मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे ओरडल्यासारखी वाटतात.

काम सांगते. आपली जिनल धुळ्याला आली आहे. दीक्षेला यंदा नऊ वर्षं होतील. आता ती महासती सौम्यप्रभाजी. मी आई असले तरी मीही तिला महाराज साहेबच म्हणते, पण तुला लिहिताना हात जिनल असंच लिहितो. गुरुणीजी धरून चौघी आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी धुळ्याहून निघतील, नरडाण्यावरून तुझ्या शिरपूरला येतील आणि पुढे सेंधव्याकडे जातील. चातुर्मास इंदूरकडे करायचे भाव आहेत असं ऐकते. एकदा बिजासनचा घाट चढून गेल्या की पुन्हा खानदेशात कधी, ते त्या सांगत नाहीत आणि आपण विचारायचं नसतं.

तू तिच्याबरोबर एक-दोन सकाळी चालून ये. शाळेत असताना तुम्ही दोघी सगळं गाव पायाखाली घालायचात, तेव्हा मी ओरडायचे. आता मीच सांगते आहे. चालून आलीस की मला तिच्या पायांचं लिही. भाऊ म्हणून जिनेश गाडीने दर्शनाला जातो, पण त्या बसलेल्या असतात, पाय वस्त्राखाली. पाय चालतानाच दिसतात.

मी का जात नाही, हे विचारशील. गेले तर तोंड उघडावं लागेल. आवाज ऐकून ती काळजीत पडेल, आणि साध्वीला घरची काळजी लावणं बरं नाही. म्हणून एक पाळ. तिच्यासमोर माझं नाव काढू नकोस. आवाजाचं नाही, तब्येतीचं नाही, कशाचंच नाही.

भटूरावांना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी काकी,
लाडकुंवर

*

शिरपूर,
१३ फेब्रुवारी २०२४

काकी,

पत्र मिळालं. मी जाणारच. शाळांच्या गणवेशांची शिलाई एप्रिलनंतर सुरू होते, आत्ता मशीन दोन दिवस बंद राहिली तर काही बिघडत नाही. कोकिळालाही विचारलं. आठवते ना, आमच्यातली तिसरी, बाकावर मधे बसायची. ती आता धुळे डेपोत कंडक्टर आहे. म्हणाली, "मी जन्मभर गाडीत उभी राहून लोकांना पोचवलं, दोन दिवस पायी चालून बघते. महामंडळाला कळवू नकोस." तिने रजा टाकली आहे. नरडाण्यापासून शिरपूरपर्यंत आम्ही दोघी बरोबर राहू. भटू मोटारसायकलने नरडाण्याला सोडेल.

आता माझं विचारणं. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी चेलना वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "आई बऱ्या आहेत, फक्त नाशिकच्या रिपोर्टनंतर," आणि थांबल्या. मग म्हणाल्या, कुकर लागलाय. काकी, कुकरची शिट्टी मला ऐकू आली नाही.

मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून वाढले. माझी आई शेतावर असायची तेव्हा वेणीसुद्धा तुम्ही घातली आहे. मला तिच्याबरोबर दोन दिवस चालायचं आहे आणि तोंड बंद ठेवायचं आहे. काय बंद ठेवायचं आहे, ते तरी कळू द्या.

वाट बघते.
रूपा

*

फैजपूर,
१९ फेब्रुवारी २०२४

रूपा,

चेलनाला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे आणि मोठी अडचणही.

अन्ननलिकेत गाठ आहे. नाशिकला दाखवलं. माझं वय आणि हृदय बघून डॉक्टर ऑपरेशनला नाही म्हणाले. आता पातळच खाली उतरतं. सकाळी मुगाचं पाणी, संध्याकाळी सूर्य असेतो पुन्हा तेच. किती दिवस, असं पाटीवर लिहून विचारलं. डॉक्टरांनी पाटी जिनेशकडे दिली, म्हणजे मला उत्तर मिळालं. तुझे काका असते तर त्यांनी डॉक्टरांशी घासाघीस केली असती.

तू आता म्हणशील, मग जिनलला कळवत का नाही. ऐक. साध्वी एकटी चालत नाही. ती वळली तर चौघी वळतील. गुरुणीजी सत्तरीच्या पुढे आहेत, दोन्ही गुडघे गेलेले. खानदेशातलं पुढचं ऊन तुला सांगायला नको. त्या वाहनात बसत नाहीत, पायात काही घालत नाहीत. शिरपूरहून फैजपूर म्हणजे चोपडा, अडावद, यावल, सगळी डांबराची सडक. मला एकदा बघता यावं म्हणून चार बायकांचे पाय भाजायचे?

बघावंसं वाटतं. ते तुझ्यापासून लपवत नाही. एकच मनात राहिलं आहे. तिने माझ्या हातून, माझ्या घरात, एकदा तरी गोचरी घ्यावी. नऊ वर्षांत तिचा रस्ता फैजपूरवरून गेला नाही. दुसऱ्या गावांत जाऊन मी वंदना केली, पण आपल्या चुलीवरचं तिच्या पात्रात घालायचं राहिलं. राहिलं तर राहिलं. दीक्षेची आज्ञा दिली तेव्हा भर सभेत मोह सोडला म्हणून सांगितलं होतं. तो सुटला नाही, हे मला माहीत आहे. पण त्याचं ओझं तिच्या खांद्यावर नको. तिच्या खांद्यावर पात्रं आणि पोथ्या आहेत, तेवढं पुरे.

तर नाव काढायचं नाही. कोकिळाला यातलं काही सांगू नकोस. ती तिकीट फाडल्यासारखं बोलून टाकते.

लाडकुंवर

*

शिरपूर,
४ मार्च २०२४

काकी,

कालच परत आले. पायाचे गोळे दुखताहेत, बाकी ठीक.

परवा सूर्य उगवायच्या आधी आम्ही नरडाण्याला पोचलो. त्या चौघी तयार होत्या, पण सूर्य वर आल्याशिवाय निघत नाहीत. अंगणात नुसत्या उभ्या होत्या, आणि पांढऱ्या वस्त्रांत, तोंडावर मुहपत्ती बांधलेल्या चौघींमध्ये मला आपली कुठली ते पटकन कळेना. मग एकीने पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचा खडा बाजूला सरकवला आणि मी ओळखलं. प्रार्थनेच्या रांगेत ती असंच करायची.

मी वंदना केली. तिने "दया पाळो" म्हटलं आणि मग हळूच, "रूपा, केस पांढरे झाले की गं." मला बरं वाटलं. कोकिळा म्हणाली, "हिचे पांढरे झाले, तुम्ही तर ठेवलेच नाहीत, तुमचं सुटलं." गुरुणीजी हसल्या.

त्या चालतात फार भरभर. कोकिळा थोड्याच वेळात धापा टाकायला लागली आणि धुळ्याच्या बोलीवर आली, "माय वं, हाई चालनं शे का पयनं?" म्हणजे हे चालणं आहे की पळणं, असं. गुरुणीजी काठी टेकत सर्वांत मागे येतात, म्हणून बाकीच्या थोड्या पुढे जाऊन थांबतात आणि त्या आल्या की पुन्हा निघतात. आम्ही गाड्यांच्या बाजूने चाललो, म्हणजे गाड्या आमच्या जवळून जातील, त्यांच्या नाही. कोकिळा ट्रकवाल्यांना हात दाखवून हळू करायला लावायची. डेपोचा सराव.

माझी एक चूक झाली. मी दशम्या केल्या होत्या, दुधात भिजवलेल्या, तिला आवडायच्या तशा. दुपारी मुक्काम कापसाच्या एका जिनिंगच्या आवारातल्या खोलीत होता. तिथे डबा उघडून पुढे ठेवला. तिने विचारलं, "हे कोणासाठी केलं?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी." ती म्हणाली, "मग नाही घेता येणार." आपल्यासाठी मुद्दाम केलेलं त्या घेत नाहीत, आणि असं बरोबर वाहून आणलेलंही नाही, हे मला माहीत नव्हतं. माझं तोंड उतरलं. कोकिळा म्हणाली, "महाराज साहेब, ही म्हणाली असती की कोकिळासाठी केल्या, तर?" गुरुणीजी म्हणाल्या, "तर ते खोटं झालं असतं बाई, आणि ते आमच्यामुळे झालं असतं." मग कोकिळाने सगळ्या दशम्या एकटीने खाल्ल्या, खोटं टळावं म्हणून. जिनल गावात गोचरीला गेली आणि कोणाच्या तरी घरची भाकरी आणि तुरीची डाळ घेऊन आली.

तुमचं सांगणं मी पाळलं. एकदाच धास्ती वाटली. तापीच्या पुलावर आलो तेव्हा पाणी बघून कोकिळा बोलायला लागली, "काकी आपल्याला नदीवर न्यायच्या, आठवतं? काकींच्या हातची ती..." मी मधेच तिला ट्रक दाखवला. ट्रक लांब होता. कोकिळा माझ्याकडे बघत राहिली आणि जिनल पाण्याकडे.

शिरपूरच्या वेशीपाशी गुरुणीजींनी मला विचारलं, "फैजपूरची वंदना आणलीत?" मी तयारीत होते. म्हटलं, "जिनेशभाऊंची, चेलना वहिनींची, लहान अनुजची, सगळ्यांची वंदना आहे." तुमचं नाव घेतलं नाही. आवाजही हलू दिला नाही. मला वाटतं, चांगलं जमलं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं, पण लिहिते. दोन दिवसांत तिने तुमच्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. माझ्या मुलांचं विचारलं, भटूच्या पाठीचं विचारलं, आमच्या जुन्या बाईंचं विचारलं. घराचं नाही. माझ्या जिभेवर सगळं होतं, आणि तिने विचारलं असतं तर मला थोपवता आलं नसतं. तिने विचारलंच नाही. साध्वींना तसंच राहावं लागत असेल. मला मात्र लागलं.

त्या आता इथल्या जैन स्थानकात आहेत. दोन-चार दिवसांत सेंधव्याकडे निघतील.

औषधं वेळेवर घ्या.
रूपा

*

फैजपूर,
८ मार्च २०२४

रूपा,

तू पायांचं लिहिलं नाहीस. एवढं लांब पत्र, त्यात भटूरावांची पाठ आली, कोकिळाचं पोट आलं, पाय आले नाहीत. म्हणजे बरे नाहीत.

ती विचारत नाही म्हणून तुला लागलं. तूच लिहिलं आहेस, दशम्यांच्या वेळी गुरुणीजी काय म्हणाल्या. तिने माझं विचारलं असतं तर तू एक तर खोटं बोलली असतीस, नाही तर मला दिलेला शब्द मोडला असतास. दोन्ही तिच्यामुळे झालं असतं. म्हणून विचारलं नाही. ती लहानपणीही अशीच होती. ताटात काय कमी आहे ते बघायची आणि मागायची नाही.

चूक तुझी नाही, माझी झाली. या नऊ वर्षांत फैजपूरचं जे कोणी त्यांच्या दर्शनाला गेलं, त्याच्याकडे मी वंदना दिली. भाजीवाला भिकन एकदा नाशिकला गेला, त्याच्याकडेसुद्धा. सगळ्यांत आधी आईची वंदना, मग बाकीच्यांची, असंच ती ऐकत आली आहे. तू जिनेशचं नाव घेतलंस, चेलनाचं घेतलंस, अनुजचं घेतलंस. माझं नाव काढू नकोस असं सांगताना हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता ती काय समजली असेल, हे मला दिसतं आहे.

हे पत्र मिळताच स्थानकात जा. त्या असतील तर माझ्या नावाने वंदना सांग. मोठ्याने सांग. सुखसाता आहे असं मात्र सांगू नकोस, कारण ते खरं नाही. नुसती वंदना.

जिनेशला हे आत्ताच टपालात टाकायला देते.

लाडकुंवर

*

शिरपूर,
१४ मार्च २०२४

काकी,

तुमचं पत्र मंगळवारी सकाळी आलं. मी तशीच स्थानकात धावले. खोली झाडलेली होती. झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, सूर्य उगवला आणि निघाल्या. मी घरी येऊन भटूला म्हटलं, सेंधव्याच्या रस्त्याला गाडी काढ. तो म्हणाला, "तिकडे कशाले? त्या बठ्ठ्या चोपडाना रस्ताले लागन्यात. मी आत्ताच दूध घालाले गयतू तवय देखं."

चोपड्याचा रस्ता, काकी. तुमच्याकडचा.

आम्ही गाडी पळवली. गाव मागे पडल्यावर रस्त्याकडेच्या निंबाखाली गुरुणीजी बसलेल्या दिसल्या, गुडघे चोळत. जिनल आणि दुसऱ्या दोघी थोड्या पुढे उभ्या होत्या. मी गुरुणीजींना विचारलं, "सेंधव्याला जाणार होतात ना?" त्या म्हणाल्या, "आम्ही रस्ता सांगितला नव्हता, भाव सांगितले होते. भाव बदलले."

मी म्हटलं, "जिनलने काही..." त्यांनी मान हलवली. "तिने एक अक्षर काढलं नाही. तुम्ही वेशीपाशी वंदना सांगितलीत ना, तेव्हापासून माझ्या शेजारी बसून ती दोन दिवस फक्त पाण्यावर राहिली. उपवास आहे म्हणाली. उपवास मला कळतात. मी तिला विचारलं नाही, तिने मला सांगितलं नाही. मला फैजपूरला जायचे भाव झाले, बस."

मी तुमचंच बोलणं पुढे केलं. म्हटलं, "काकींना हे नको होतं. तुमचे गुडघे, हे ऊन." त्या काठीवर जोर देऊन उठल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांगा, गुडघे माझे आहेत. त्यांचा हिशोब त्यांनी करू नये."

मग मी पुढे गेले. जिनलसमोर हात जोडले आणि तुम्ही सांगितलं तसं मोठ्याने म्हटलं, "काकींची वंदना आहे." ती उभी राहिली. मी पुढे काही बोलते का, याची वाट बघत असावी. मी बोलले नाही. सुखसाता आहे असं म्हटलं नाही. तिने डोळे मिटले, "दया पाळो" म्हटलं आणि चालायला लागली. तिच्या मुहपत्तीची वरची कड ओली झाली होती, ती उन्हात लगेच वाळली.

आता पायांचं लिहिते. उजवी टाच उभी चिरली आहे, आतलं लाल दिसतं. तिने चिंधी बांधली होती, ती डांबराला चिकटून निघाली. मी लपवलं, कारण तुम्हाला झोप लागली नसती. तुम्ही ते न लिहिताच वाचलंत.

काकी, त्या हळूहळू येतील. तुम्ही तेवढ्या थांबा.

रूपा

*

फैजपूर,
१० एप्रिल २०२४

रूपाताई,

जिनेशने तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. आई शुक्रवारी सकाळी गेल्या. तुम्ही तिसऱ्या दिवसाला आलात, पण घरात माणसं होती, बोलणं झालं नाही. आईंनी मला पाटीवर लिहून ठेवलं होतं, 'रूपाला सगळं लिही, फोनवर सांगू नको, ती मधे बोलते.' म्हणून लिहिते. मला पत्रांची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुमचं चोपडा रस्त्याचं पत्र आलं तेव्हा आई आधी रागावल्या. गुडघ्यांचं वाक्य वाचलं आणि हसल्या. आवाज नव्हता, खांदे हलले फक्त. मग रोज सकाळी बोटाने हवेत रस्ता काढायच्या. आज अडावद असेल, आज किनगाव असेल. मुगाचं पाणीही कधी उतरायचं, कधी परत यायचं. पण न चुकता घ्यायच्या, थांबायचं आहे म्हणून.

होळीच्या आदल्या दिवशी त्या आल्या. मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं, काय काय करायचं. बदामाचा शिरा, पापडाची भाजी, केरसांगरी. आईंनी माझ्या तोंडावरून ओळखलं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'काही वेगळं करायचं नाही. दोष लागेल. रोजचंच.' मी म्हटलं, आई, नऊ वर्षांनी येताहेत. त्यांनी त्याच वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या दिवशी रोजच्यासारख्या पोळ्या, डाळ आणि आईंचं मुगाचं पाणी, एवढंच चुलीवर होतं.

महाराज साहेब दुपारी गोचरीला आल्या, बरोबर दुसऱ्या एक साध्वी. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी आईंकडे बघितलं. आई खाटेवर उशीला टेकून होत्या, अर्ध्या झालेल्या. महाराज साहेबांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त जमीन झाडायचा लोकरीचा ओघा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आईंना उठता येत नव्हतं. त्यांनी बसल्या जागी हात जोडले, डोकं खाली केलं. आई लेकीला वंदना करताना मी आधीही पाहिलं होतं, पण तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागलं.

मी पोळी वाढली, त्यांनी अर्धी घेतली. डाळ थोडी. मग आईंनी मला खूण केली. त्यांच्या मुगाच्या पाण्याचं भांडं बाजूला होतं, अजून तोंड लावलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या हातात मागितलं. मी खालून आधार दिला. महाराज साहेबांनी विचारलं, "हे कोणासाठी केलं?" आईंनी स्वतःकडे बोट केलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "मी घेतल्यावर नवीन करणार नाही ना?" आईंनी मान हलवली, नाही. मी बोलायला गेले, की आईंना तेवढ्यावर दिवस काढायचा आहे. आईंनी माझा हात दाबला.

महाराज साहेबांनी पात्र पुढे केलं. आईंचा हात हलत होता, पाण्याची धार पात्राच्या काठावर वाजत होती. त्यांनी लगेच "बस" म्हटलं नाही. गोचरी वाढताना त्या नेहमी लवकर बस म्हणतात, ते तुम्हाला माहीत असेल. बरोबर निम्मं झाल्यावर म्हटलं. उरलेलं निम्मं आईंनी त्या दिवशी घोट घोट घेतलं, आणि ते सगळं उतरलं. मी नवीन केलं नाही. जिनेश म्हणाला थोडं कर ना, मी म्हटलं, आईंनी शब्द दिलाय.

त्यानंतर महाराज साहेब रोज येऊन आईंना मांगलिकाचा पाठ ऐकवायच्या. घरचं काही बोलणं नाही, रडणं नाही. शुक्रवारी मांगलिक चालू असतानाच आईंचा श्वास थांबला. त्यांनी मांगलिक मधे सोडलं नाही, शेवटपर्यंत म्हटलं. मग स्थानकात जाऊन ध्यानाला उभ्या राहिल्या, त्या बराच वेळ.

आता त्या सावद्याहून रावेरकडे, पुढे बऱ्हाणपूरला निघतील. तुम्हाला जमलं तर एक सकाळ चालून या. तुमच्या त्या भेटीत मी आमच्याकडून वंदना सांगायला विसरले, तेव्हा आता सांगते आहे.

चेलना

*

शिरपूर,
२३ एप्रिल २०२४

चेलना वहिनी,

मी आणि कोकिळा रविवारी सावद्याला गेलो. या वेळी डबा नेला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, पाणी सोडलेलं, म्हणून सकाळची हवा बरी होती. कोकिळाला मी सगळं सांगितलं होतं. तापीच्या पुलावर मी दाखवलेला तो ट्रक तिला आठवला. ती म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी जपून बोलले असते." मी म्हटलं, "तू?"

एका बागेपाशी गुरुणीजी विसाव्याला थांबल्या. त्यांनी सवयीने विचारलं, "फैजपूरची वंदना?" मी म्हटलं, "जिनेशभाऊंची आहे, चेलना वहिनींची आहे, अनुजची आहे." एवढं बोलून मी थांबले. जिनल माझ्याकडे बघत उभी होती. नावं संपली हे तिच्याही लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिने "दया पाळो" म्हटलं, पात्रांची झोळी खांद्यावर नीट केली आणि निघाली. आम्ही रावेरच्या अलीकडपर्यंत बरोबर गेलो.

चालताना मी तिचे पाय बघत होते. उजवी टाच भरून आली आहे. चीर मिटली आहे, आता चिंधी लागत नाही.

हे लिहून कळवायची मला सवय झाली आहे, म्हणून तुम्हाला कळवते.

रूपा